लाट सांगून येते

‘संकट कधी सांगून येत नाही’ असे आपण नेहमी म्हणतो. समुद्राची लाट मात्र पुष्कळदा सांगून येते. ती कोठे जन्मली, कधी पोहोचेल आणि किनाऱ्यावर कशी फुटेल, हे आधी कळू शकते. ते कसे कळते आणि कळल्यावर आपण काय करावे, हे या पाठात सांगितले आहे.



तुमच्यापैकी काही जण मुंबई, रायगड किंवा रत्नागिरीकडचे असतील. समुद्र त्यांच्या रोजच्या ओळखीचा. काही जण मालेगाव, भिवंडी, अकोला येथे राहत असतील. त्यांनी समुद्र एखाद्या सहलीतच पाहिला असेल. पण समुद्र पाहिला नाही, असे म्हणणाऱ्यालाही लाट ठाऊक असतेच.

आधी एका शब्दाची गंमत पाहू या. तुम्ही घरी आणि शाळेत उर्दू बोलता. उर्दूत ‘मौज’ म्हणजे लाट. मराठीतही ‘मौज’ हा शब्द आहे, पण मराठीत ‘मौज’ म्हणजे मजा, गंमत. “आम्ही सहलीत खूप मौज केली” असे मराठी मुले म्हणतात. शब्द एकच, अर्थ दोन. या पाठात आपल्याला दोन्ही अर्थांची गरज पडणार आहे.

जगात काही लोक असे आहेत, की ज्यांची मौज खरोखरच मौजेवर म्हणजे लाटेवर अवलंबून असते. ते एका लांबट, गुळगुळीत फळीवर उभे राहतात आणि फुटत्या लाटेच्या उतारावरून घसरत जातात. या खेळाला सर्फिंग म्हणतात. हा खेळ खेळणारा माणूस सकाळी उठल्याबरोबर पहिला प्रश्न विचारतो, “आज लाटांचा अंदाज काय आहे?” आपणही आज एका दूरच्या किनाऱ्यावर जाऊ आणि हा अंदाज वाचायला शिकू.

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात जेफ्रीज बे नावाचे एक लहान शहर आहे. पोर्ट एलिझाबेथ या बंदराच्या शहरापासून ते पश्चिमेला सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. (पोर्ट एलिझाबेथचे नाव २०२१ साली बदलून गकेबेरा असे झाले.) जेफ्रीज बे येथील लाटा जगभर प्रसिद्ध आहेत. जुलै महिन्यात तेथे सर्फिंगच्या जागतिक स्पर्धा भरत आल्या आहेत. या स्पर्धांची एक रीत ऐकण्यासारखी आहे. स्पर्धेसाठी आधीपासून एकच दिवस ठरवत नाहीत. काही दिवसांची मुदत राखून ठेवतात, रोज लाटांचा अंदाज पाहतात आणि त्या मुदतीतील चांगले दिवस निवडून खेळ घेतात. समुद्राने हुकूम सोडायचा आणि माणसाने तो मानायचा, असा हा कारभार!

जेफ्रीज बेच्या लाटांत असे काय विशेष आहे? लांब, सरळ, वाळूच्या किनाऱ्यावर लाट पुष्कळदा भिंत कोसळावी तशी एकदम फुटते. मग घसरायला जागाच उरत नाही. पण काही ठिकाणी जमिनीचे टोक समुद्रात शिरलेले असते. त्याला भूशिर म्हणतात. लाट तिरकी येऊन आधी भूशिराच्या टोकाला फुटते आणि मग किनाऱ्याच्या कडेकडेने क्रमाक्रमाने फुटत जाते. दप्तराची चेन ओढताना ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उघडत जाते ना, तशी! अशा जागेला सर्फिंग करणारे ‘पॉइंट ब्रेक’ म्हणतात. जेफ्रीज बेमधील ‘सुपरट्यूब्स’ ही अशीच जागा आहे. तेथे तळ खडकाळ आहे आणि लाट खेळाडूच्या उजव्या हाताकडे लांबवर फुटत जाते.

आता समजा, जुलै महिन्यातील एका दिवसाचा अंदाज फलकावर असा लिहिला आहे :

लाटेची उंची : २ मीटर
आवर्तकाल : १६ सेकंद
लाटेची दिशा : नैर्ऋत्येकडून
वारा : सकाळी पश्चिमेकडून, हलका, दुपारनंतर पूर्वेकडून, जोराचा
ओहोटी : सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी
आकाश : निरभ्र

फक्त सहा ओळी! पण त्या नीट वाचता आल्या पाहिजेत. एकेक ओळ घेऊ.

पहिली ओळ उंचीची. २ मीटर उंची म्हणजे त्या दिवशीची प्रत्येक लाट २ मीटर उंच, असे समजू नका. समजा, तुम्ही ९९ लाटा मोजल्या. त्यांतील सर्वांत उंच अशा ३३ लाटा निवडल्या आणि त्यांच्या उंचीची सरासरी काढली. ती सरासरी म्हणजे अंदाजातील उंची. म्हणून बऱ्याच लाटा २ मीटरपेक्षा लहान असतात, काही मोठ्या असतात आणि एखादी तर जवळजवळ दुप्पट उंच असू शकते. शिवाय ही उंची खोल समुद्रातील असते. किनाऱ्याजवळ ती कमीजास्त होते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. लाटेची उंची दुप्पट झाली, तर तिची शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते.

दुसरी ओळ आवर्तकालाची. लाटेचे एक शिखर एका ठिकाणाहून गेल्यानंतर दुसरे शिखर त्याच ठिकाणी यायला जेवढा वेळ लागतो, त्याला आवर्तकाल म्हणतात. नवखा माणूस अंदाजातील उंची पाहतो आणि आवर्तकाल सोडून देतो. जाणकार माणूस आधी आवर्तकाल पाहतो. असे का, ते समजण्यासाठी लाटेच्या जन्माची गोष्ट ऐकावी लागेल.

जेफ्रीज बेच्या दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत नुसता महासागर आहे. तेथे ४० अक्षांशाच्या दक्षिणेला पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रचंड वारे वाहतात. मध्ये अडवायला जमीन फारशी नाही. खलाशांनी या वाऱ्यांना ‘गर्जणारे चाळीस’ असे नावच दिले आहे. हिवाळ्यात तेथे एकामागून एक वादळे येतात. तुम्हांला ठाऊकच आहे, की दक्षिण गोलार्धात जून, जुलै, ऑगस्ट हे हिवाळ्याचे महिने असतात. वारा जितका जोराचा, जितका जास्त वेळ आणि जितक्या लांबवर पाण्यावरून वाहतो, तितकी लाट मोठी होते.

वादळाच्या ठिकाणी समुद्र अगदी अस्ताव्यस्त असतो. लहान-मोठ्या लाटा एकमेकींवर आदळत असतात. पुढे या लाटा वादळातून बाहेर पडतात आणि शांत पाण्यावरून दूरदूर जातात. अशा लाटांना इंग्रजीत ‘स्वेल’ म्हणतात. आपण त्यांना प्रवासी लाटा म्हणू. येथे पाणी प्रवास करत नाही बरे का! वाऱ्याने डोलणारे ज्वारीचे शेत आठवा. कणसे जागच्या जागी डोलतात, पण शेतावरून लाट पुढे सरकताना दिसते. समुद्रातही पाणी बहुतेक जागच्या जागी वर-खाली आणि पुढे-मागे होते. पुढे जाते ती हालचाल.

सर्व प्रवासी लाटा सारख्या वेगाने जात नाहीत. ज्यांचा आवर्तकाल मोठा, त्या वेगवान असतात. त्याचा हिशोब सोपा आहे. आवर्तकालाच्या सेकंदांना २.८ ने गुणले, की लाटांचा जथा खोल समुद्रात ताशी किती किलोमीटर जातो, ते कळते. १६ सेकंदांच्या लाटा ताशी सुमारे ४५ किलोमीटर जातात. ८ सेकंदांच्या लाटा ताशी साडेबावीस किलोमीटरच्या आसपास जातात. वादळ २,००० किलोमीटर दूर असेल, तर पहिल्या लाटा दोन दिवसांच्या आत जेफ्रीज बेला पोहोचतील. दुसऱ्या लाटांना पावणेचार दिवस लागतील. शाळेच्या शर्यतीत सगळी मुले एकत्र धावू लागतात, पण थोड्याच वेळात वेगवान मुले पुढे निघून जातात. लाटांचेही तसेच होते. म्हणून दूरच्या वादळाची पहिली खूण म्हणजे सावकाश येणाऱ्या, लांब अंतराच्या लाटा. त्या सुरुवातीला फार उंचही नसतात. न जाणणाऱ्याला वाटते, समुद्र शांत आहे. जाणणारा म्हणतो, मागून मोठी फौज येत आहे.

आता अंदाजातील सहावी ओळ पुन्हा वाचा. आकाश निरभ्र! ऊन पडले आहे, वारा हलका आहे, ढगाचा पत्ता नाही आणि तरीही समुद्रात मोठ्या लाटा आहेत. कारण ज्या वादळाने त्या उठवल्या, ते दोन दिवसांपूर्वी, दोन हजार किलोमीटरवर होऊन गेले. आपल्या डोक्यावरचे आकाश पाहून समुद्राचा भरवसा धरू नये, हा या पाठातील सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

तिसरी ओळ दिशेची. लाटा नैर्ऋत्येकडून येत आहेत. पण जेफ्रीज बेचा हा किनारा तर पूर्वेच्या अंगाला, आडोशाला आहे. मग लाटा तेथे पोहोचतात कशा? त्या वळतात. लाट उथळ पाण्यात आली, की तिचा वेग कमी होतो. कवायतीच्या वेळी तुम्ही खांद्याला खांदा लावून एका ओळीत चालता. समजा, ओळीच्या एका टोकाची मुले मऊ वाळूत शिरली आणि दुसऱ्या टोकाची मुले पक्क्या जमिनीवर आहेत. वाळूतील मुलांची चाल मंदावेल, बाकीची मुले पुढे जातील आणि सगळी ओळ वाळूच्या बाजूला वळेल. लाटेचे भूशिराकडचे टोक उथळ पाण्यात मंदावते, बाहेरचे टोक वेगाने पुढे येते आणि लाट भूशिराला वळसा घालून आखातात शिरते. लांब आवर्तकालाच्या लाटेला समुद्राचा तळ लवकर जाणवतो. १६ सेकंदांच्या लाटेला २०० मीटर खोलीवरच तळ जाणवू लागतो, तर ८ सेकंदांच्या लाटेला ५० मीटर खोलीवर. म्हणून लांब आवर्तकालाच्या लाटा अधिक वळतात. जाणकार माणूस आवर्तकाल आधी का पाहतो, ते आता कळले ना?

चौथी ओळ वाऱ्याची. आपल्या कोकणात रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो. त्याला मतलई वारा म्हणतात. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे वाहणारा तो खारा वारा. जेफ्रीज बेला पश्चिमेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. तो फुटू पाहणाऱ्या लाटेला समोरून जणू हाताने थोपवून धरतो. त्यामुळे लाट उंच, स्वच्छ उभी राहते. पूर्वेचा वारा समुद्रावरून येतो. तो लाटेला मागून ढकलतो आणि तिचा नुसता फेस करून टाकतो. म्हणजे आपल्या अंदाजाप्रमाणे खेळाडूंनी सकाळीच समुद्रात उतरावे आणि दुपारी घरी परतावे.

पाचवी ओळ भरती-ओहोटीची. लाट फुटते ती पाण्याच्या खोलीमुळे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीपेक्षा थोडीच जास्त उरली, की लाटेचा तोल जातो आणि ती कोसळते. ओहोटीला पाणी उतरते, खडक वर येतात आणि लाटेची फुटण्याची जागा बदलते. सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी पाणी सर्वांत खाली असेल, खडक सर्वांत जवळ असतील. ही ओळ न वाचणाऱ्याला ती पुढे खडकच वाचून दाखवतात!

लाटांचा असा आगाऊ हिशोब मांडता येतो, हे कसे समजले? त्याची हकिकत युद्धाशी जोडलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, अमेरिकेचे सैन्य आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावर उतरवण्याची तयारी चालली होती. सैनिक लहान, सपाट नावांतून किनाऱ्यावर उतरणार होते. वॉल्टर मंक नावाचा एक तरुण शास्त्रज्ञ तेव्हा लष्करासाठी काम करत होता. त्याचा जन्म १९१७ साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात झाला होता. सराव चालू असताना त्याच्या ध्यानात आले, की लाटा जरा मोठ्या झाल्या तर नावा उलटण्याचा धोका असतो आणि सराव थांबवावा लागतो. मग खऱ्या किनाऱ्यावर, खऱ्या लाटांत काय होईल? हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. त्याने आपले गुरू, नॉर्वेचे शास्त्रज्ञ हाराल्ड स्वेरड्रुप यांच्याबरोबर काम केले. वाऱ्यावरून लाटांचा अंदाज बांधण्याची रीत या दोघांनी तयार केली आणि ती लष्करातील हवामान अधिकाऱ्यांना शिकवली.

हीच विद्या १९४४ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उपयोगी पडली. तेथे सैन्य उतरवण्यासाठी ५ जून हा दिवस ठरला होता. पण वादळी हवा येणार असे हवामानतज्ज्ञ जेम्स स्टॅग यांनी सांगितले. सेनापती आयझेनहॉवर यांनी बेत एक दिवस पुढे ढकलला. हवा थोडी सुधारेल असा अंदाज मिळाला, तेव्हा ६ जूनला सैन्य निघाले. त्या एका दिवसात दीड लाखाहून अधिक सैनिक समुद्रातून आणि आकाशातून फ्रान्समध्ये उतरले. वारा आणि लाटा यांचा अंदाज किती प्राणांचा प्रश्न असतो, हे यावरून समजते.

युद्ध संपल्यानंतर मंक यांनी लाटांचा अभ्यास सोडला नाही. १९६३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत, प्रशांत महासागरात ठिकठिकाणी लाटा मोजण्याची यंत्रे ठेवली. दक्षिण गोलार्धातील वादळात उठलेल्या लाटा विषुववृत्त ओलांडून उत्तरेला अलास्कापर्यंत पोहोचलेल्या त्यांना आढळल्या. वादळापासून एकदा दूर गेल्यावर या लाटा आपली शक्ती फारच थोडी गमावतात, हेही दिसून आले. मंक २०१९ साली, वयाच्या १०१ व्या वर्षी वारले. आज कृत्रिम उपग्रह आकाशातून लाटांची उंची मोजतात, समुद्रात तरंगणारी यंत्रे आवर्तकाल कळवतात आणि संगणक पुढील काही दिवसांचा हिशोब करतात.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, “दक्षिण आफ्रिकेच्या लाटांशी आमचा काय संबंध? आम्ही थोडेच सर्फिंग करणार आहोत?” संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे. दक्षिणेच्या ज्या महासागरातून जेफ्रीज बेला लाटा जातात, त्याच महासागरातील वादळांच्या लाटा उत्तरेकडे प्रवास करत भारताच्या किनाऱ्यालाही येतात.

केरळमधील कोळी लोकांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. वारा नाही, पाऊस नाही आणि एकाएकी समुद्र चढून घरांत शिरतो. मल्याळम भाषेत याला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात. ‘कळ्ळन’ म्हणजे चोर आणि ‘कडल’ म्हणजे समुद्र. चोरासारखा येणारा समुद्र! ३१ मार्च २०२४ रोजी केरळच्या किनाऱ्यावर असेच झाले. तिरुवनंतपुरम, कोल्लम, आलप्पुळा या जिल्ह्यांत समुद्राचे पाणी वस्तीत शिरले. त्या लाटांचे मूळ भारतापासून सुमारे १०,००० किलोमीटर दूर, दक्षिण अटलांटिक महासागरातून दक्षिण हिंदी महासागराकडे सरकलेल्या वादळी हवेत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ६ मे २०२४ रोजी, तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात समुद्रकिनारी आलेल्या पाच तरुण वैद्यकीय विद्यार्थ्यांना लाटांनी ओढून नेले. पाचही जण बुडून मरण पावले. त्या दिवसांत दक्षिणेकडील किनाऱ्यांसाठी दुरून येणाऱ्या उंच लाटांचा इशारा दिलेला होता. जे पुढे लोकांचे प्राण वाचवणार होते, त्यांचेच प्राण गेले.

येथे आणखी एका शब्दाकडे लक्ष द्या. उर्दूत ‘इशारा’ म्हणजे खूण, सूचक हालचाल. मराठीत ‘इशारा’ म्हणजे धोक्याची सूचना. मराठी वर्तमानपत्रात ‘समुद्रात न जाण्याचा इशारा’ असे वाचाल, तेव्हा ती नुसती खूण नाही, ताकीद आहे, हे समजून घ्या.

हा इशारा आपल्याला कोण देते? हैदराबाद येथे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे. ते १९९९ साली स्थापन झाले. लाटांची उंची, आवर्तकाल, दिशा आणि समुद्रातील प्रवाह यांचा अंदाज ते केंद्र देते. वारा, पाऊस आणि चक्रीवादळ यांची सूचना भारतीय हवामान विभाग देतो. तो विभाग १८७५ सालापासून काम करत आहे. आपल्या रत्नागिरीच्या समुद्रातही लाटा मोजणारे तरंगते यंत्र ठेवलेले असते.

अर्थात ही यंत्रे येण्यापूर्वीही दर्यावर्दी लोक समुद्र वाचत होते. अरब खलाशी वाऱ्यांचा ऋतू पाहून आपल्या गलबतांची शिडे उभारत. त्यांच्या ‘मौसिम’ या शब्दावरूनच ‘मान्सून’ आणि आपला ‘मोसमी वारा’ हे शब्द आले. पंधराव्या शतकातील अहमद इब्न माजिद या अरब नाखवाने आपल्या ग्रंथात कोणत्या वेळी कोणत्या बंदरातून निघावे, हे लिहून ठेवले. कोकणातील कोळी बांधव पावसाळ्यात नावा किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि समुद्र शांत झाला, की नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करतात. जून व जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला सरकारचीही बंदी असते. दर्याला भिणे हा भित्रेपणा नव्हे. दर्यावर ज्यांचे पोट आहे, तेच दर्याला अधिक मान देतात.

मग तुम्ही समुद्रावर जाल, तेव्हा काय कराल?

घरून निघण्यापूर्वी त्या दिवसाचा अंदाज पाहा. उंचीबरोबर आवर्तकालही वाचा. उंची दोन्ही दिवशी सारखीच असली, तरी १६ सेकंदांची लाट ८ सेकंदांच्या लाटेच्या दुप्पट शक्ती किनाऱ्यावर आणते. भरती केव्हा आहे, ते विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, तेव्हा विशेष जपा. किनाऱ्यावर पोहोचल्यावर लगेच पाण्याकडे धावू नका. जेफ्रीज बेचे मुरलेले खेळाडूसुद्धा आधी वाळूवर उभे राहून बराच वेळ समुद्र पाहतात. कारण मोठ्या लाटा जथ्याने येतात. दहा-पंधरा मिनिटे काहीच होत नाही आणि मग एकामागून एक पाच-सात मोठ्या लाटा येतात. खडकावर फोटो काढत उभ्या असलेल्या माणसाला वाटते, येथवर पाणी येत नाही. पाणी येत नाही, असे नाही. ते अजून आलेले नाही, इतकेच! म्हणून ओल्या खडकावर उभे राहू नका आणि समुद्राकडे पाठ करू नका. गावातील कोळी किंवा जीवरक्षक ‘आज नको’ म्हणाले, तर वाद घालू नका.

अंदाज कधी चुकत नाही का? चुकतो. उद्याचा अंदाज जितका पक्का असतो, तितका आठ दिवसांनंतरचा नसतो. म्हणून तो रोज नव्याने पाहावा लागतो. अंदाज एखादे वेळी चुकला आणि आपण उगीच घरी राहिलो, तर एक सहल बुडते. अंदाज बरोबर होता आणि आपण तो ऐकला नाही, तर काय बुडते, हे सांगायला नको.

मित्रांनो, सुरुवातीला आपण एका शब्दाचे दोन अर्थ पाहिले. समुद्रावर जरूर जा, मौज करा. पण मराठीतली मौज करण्यापूर्वी उर्दूतली मौज ओळखायला शिका. ती दूरदेशीहून, कित्येक दिवस चालून आलेली असते. आणि ती सांगून आलेली असते. ऐकणारे कान मात्र आपले हवेत.

शब्दार्थ

आवर्तकाल – एक लाट गेल्यापासून दुसरी येईपर्यंतचा वेळ
भूशिर – समुद्रात शिरलेले जमिनीचे टोक (उर्दू : रास)
नैर्ऋत्य – दक्षिण आणि पश्चिम यांच्यामधील दिशा (उर्दू : जुनूब-मगरिब)
भरती-ओहोटी – समुद्राचे पाणी चढणे व उतरणे (उर्दू : मद्द-ओ-जज्र)
उधाण – अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती
निरभ्र – ढग नसलेले
अस्ताव्यस्त – विस्कळीत, क्रम नसलेले
जथा – समूह, घोळका
दर्या – समुद्र (उर्दूत ‘दरिया’ म्हणजे नदी)
नाखवा – नाव चालवणारा प्रमुख (उर्दू : नाखुदा)
अंदाज – अदमास (उर्दूत अदमासाला ‘अंदाजा’ म्हणतात, ‘अंदाज’ म्हणजे ढब)
ताकीद – सक्त सूचना

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) जेफ्रीज बे हे शहर कोणत्या देशात आहे?
(२) प्रवासी लाटा कोणाला म्हटले आहे?
(३) ‘कळ्ळक्कडल’ या शब्दाचा अर्थ काय?
(४) मतलई वारा कोणत्या दिशेने वाहतो?

प्र. २. कारणे लिहा.
(१) आकाश निरभ्र असूनही समुद्रात मोठ्या लाटा असू शकतात, कारण...
(२) नॉर्मंडीत सैन्य उतरवण्याचा बेत एक दिवस पुढे ढकलला, कारण...
(३) किनाऱ्यावर पोहोचल्यावर लगेच पाण्यात उतरू नये, कारण...

प्र. ३. हिशोब करा.
एका वादळातून १४ सेकंद आवर्तकालाच्या लाटा निघाल्या. वादळ किनाऱ्यापासून १,९६० किलोमीटर दूर आहे. लाटा किती तासांनी किनाऱ्याला पोहोचतील?

प्र. ४. मौज, इशारा, अंदाज या शब्दांचे मराठीतील व उर्दूतील अर्थ लिहा. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.

प्र. ५. पाच-सहा वाक्यांत लिहा.
तुमचा धाकटा भाऊ मित्रांबरोबर समुद्रावर सहलीला निघाला आहे. तुम्ही त्याला कोणत्या गोष्टी सांगाल?

उपक्रम : सलग सात दिवस वर्तमानपत्रातील हवामानाचा अंदाज वहीत उतरवा. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष हवा कशी होती, ते त्याच्यासमोर लिहा. अंदाज किती दिवस बरोबर आला, ते वर्गात सांगा.